सुरमईतली तिरफळं

पंधरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी एक लेख लिहिला होता. विषय नेहमीचाच, आमच्या घरची मासळी. वेंगुर्ले आणि शिरोडे यांच्या मधल्या एका गावात माझं बालपण गेलं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक, आणि समुद्र घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. लेखात मी रविवारच्या दुपारचं वर्णन केलं होतं. चुलीवर मातीच्या भांड्यात रटरटणारं सुरमईचं कालवण, त्यातून घरभर पसरणारा तिरफळांचा वास, तव्यावर चुरचुरणारी तुकडी आणि पानावर बसलेले आम्ही चौघे. वाचकांची बरीच पत्रं आली. पुण्याच्या एका वाचकाने लेख वाचताना तोंडाला पाणी सुटल्याचं कळवलं. त्या वेळी मला ती फार मोठी पावती वाटली.

वेंगुर्ल्याला राहणाऱ्या आत्यालाही मी अंक दिला होता. तिने लेख वाचला, चष्मा काढून ठेवला आणि दोनच प्रश्न विचारले. "आमच्याकडे इसवण कधी येय होती रे? वरसात दोनदा इली तर इली." आणि मग, जरा थांबून, "आणि इसवणीत तिरफळां कोण घालता?"

पहिल्या प्रश्नावर मी वाद घातला, दुसऱ्यावर घालता येईना. दक्षिण कोकणात ज्याने स्वयंपाकघर जवळून पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. तिरफळ हा बांगड्याचा, तारलीचा, पेडव्यांचा मसाला. हे मासे तेलकट आणि त्यांचा वास उग्र. तो आवरायला तिरफळाचं काळं बी काढून टाकायचं, वरचं टरफल ठेचायचं आणि उकळी येताना सोडायचं. इसवणीला, पापलेटला, कोळंबीला त्याची गरज नसते आणि आमच्याकडे कोणी घालतही नाही. मग माझ्या लेखातल्या सुरमईच्या भांड्यातून तिरफळांचा वास आला कसा?

उत्तर सरळ आहे आणि थोडं लाजिरवाणंही. वास खरा होता, मासा खोटा होता. नाकाला पेडव्यांचं तिखलं आठवत होतं. लिहिताना मी भांड्यातला मासा बदलला आणि मसाला बदलायला विसरलो. पाठचिकित्सेत ज्याला प्रक्षेप म्हणतात तो असा सापडतो. नंतर घुसवलेला शब्द आजूबाजूच्या जुन्या शब्दांशी पटत नाही आणि तिथेच उघडा पडतो. इथे घुसवणारा लेखक मीच होतो, म्हणून पुरावा पकडायला आत्या लागली.

आणखी एक खूण होती, ती आत्याने बोलून दाखवली नाही, पण तिच्या वाक्यात ती होतीच. ती 'इसवण' म्हणाली, मी 'सुरमई' लिहिलं होतं. आमच्या घरात, गावात, बंदरावर सुरमई हा शब्द त्या काळी कोणी वापरत नसे. तो शब्द मी मुंबईत शिकलो. म्हणजे बालपणाच्या पानावर मी जो मासा वाढला होता, त्याचं नावसुद्धा बालपणातलं नव्हतं.

पुढे आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या मिळाल्या. त्यातली एक १९६६-६७ची, म्हणजे मी आठ-नऊ वर्षांचा असतानाची. ती मी महिनाभर वाचत होतो. आईने मासळीचा खर्च वेगळा लिहिलेला नाही, मीठ, रॉकेल, वह्या-पेन्सिली यांच्या मधे तो येतो. पेडवे, तारली, बांगडे, पुन्हा पेडवे. मुडदुशे कधीतरी, कोणी पाहुणा असेल तेव्हा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुका बांगडा आणि सुकी सुंगटं. इसवण वर्षभरात तीनदा, आणि त्यातली एक नोंद आजोबांच्या आजारपणात डॉक्टर घरी जेवले त्या दिवसाची. आत्याचा अंदाज एकाने चुकला होता, माझा एका अख्ख्या वर्षाने.

हे सगळं सांगायचं कारण माझं प्रायश्चित्त एवढंच नाही. गेली काही वर्षं मी मराठीतलं किनारपट्टीच्या खाण्याविषयीचं आठवणवजा लेखन जमवून वाचतो आहे: दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, आत्मचरित्रांतली प्रकरणं. माझी चूक माझ्या एकट्याची नाही असं मला दिसू लागलं. हा आता एक लेखनप्रकारच झालाय आणि त्याचे ठरलेले संकेत आहेत. दारात पाटी टेकवणारी मासेवाली आणि तिची आरोळी, पाट्यावर खोबरं वाटणारी आजी, मातीचं भांडं, 'दुसऱ्या दिवशीचं मुरलेलं कालवण', आणि शेवटच्या परिच्छेदात 'ती चव आता राहिली नाही'. यातलं काहीही खोटं नाही. खटकतं ते हे की सगळ्यांच्या आठवणीत तेच चार मासे आहेत. पापलेट, सुरमई, कोळंबी, आणि तोंडी लावायला बांगडा. पालघरपासून बांद्यापर्यंत किनाऱ्याची भाषा दर दहा मैलांवर बदलते, आंबटासाठी कुठे चिंच येते कुठे सोलं, आणि आठवणीतलं ताट मात्र सगळीकडे एकाच हॉटेलातून आल्यासारखं.

हॉटेल हा शब्द मी सहज वापरला नाही. 'मालवणी' हा शब्द मुंबईत प्रतिष्ठेने मिरवू लागला तो गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ती बोली घराघरांत नेली, आणि त्याच सुमाराला आणि पुढे 'मालवणी जेवण' अशा पाट्या दिसू लागल्या. हॉटेलच्या ताटाची स्वतःची गरज असते. मासा तुकड्यांत कापता आला पाहिजे, प्रत्येक ताटात सारखा दिसला पाहिजे, आणि गिऱ्हाईकाच्या घशात काटा अडकता कामा नये. कर्ली ही आमच्याकडे अतिशय चवदार मानली जाते, पण काट्यांमुळे हॉटेलात तिचं नाव निघत नाही. काळुंदर, शेवटे, सौंदाळे हेही तसेच बाजूला राहिले. पेडव्यांचा तर प्रश्नच नाही. बोटभर मासा, डोक्यासकट खायचा, आणि वास असा की शेजारच्या टेबलावरचे उठून जातील. हॉटेलने जे वगळलं ते आम्ही लेखकांनीही आठवणीतून वगळलं. माझ्या मते क्रमही असाच आहे. आम्ही बालपणातलं ताट हॉटेलला दिलं नाही, हॉटेलातलं ताट बालपणात नेलं.

पण हा सगळा दोष हॉटेलवर ढकलून चालणार नाही. १९७७ साली मी पुण्यात शिकायला आलो. खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी भाडं सांगण्याआधी विचारलं, "घरात मासे वगैरे करणार नाही ना?" मी नाही म्हणालो. तीन वर्षं ते पाळलंही. पहिल्याच सुट्टीनंतर आईने ट्रंकेत सुक्या बांगड्यांची पुरचुंडी बांधून दिली होती, ती मी एस.टी. स्थानकावरच एका हमालाला देऊन टाकली. हे मी आईला कधी सांगितलं नाही, आणि त्या लेखातही लिहिलं नाही. लेख लिहिताना माझ्यासमोर वाचक म्हणून कोण बसलं होतं, याचा मी आता विचार करतो, तेव्हा त्या बाई दिसतात. त्यांना पटेल असा मासा मला हवा होता. सुरमईची तुकडी तशी असते. तिला डोकं नाही, डोळे नाहीत, काटा एकच आणि तोही मधोमध, वास जवळपास नाहीच. मासा न खाणाऱ्यालाही ती सभ्य वाटते. सुक्या मासळीवर मराठीत स्मरणरंजन का सापडत नाही, याचंही उत्तर इथेच असावं. किनाऱ्यावरच्या घरात वर्षातले चार महिने जो मासा शिजतो तो या लेखनात जवळजवळ नाही, कारण तो वासाने ओळखला जातो, आणि त्या वासावरून माणसाची जात, चाळ आणि ऐपत ओळखली जाते.

इथे जुन्या पुस्तकांकडे वळायला हवं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१०चं. त्या मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या, आणि त्यांच्या पुस्तकात मासळीच्या पाककृती कुठलाही संकोच न करता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बाईला जो संकोच नव्हता तो मला होता, हे कबूल करायला हवं. पण पाकपुस्तकाचीही एक मर्यादा आहे. ते पदार्थ कसा करावा हे सांगतं, तो किती वेळा झाला हे सांगत नाही. वर्षातून एकदा होणारं आणि रोज होणारं, दोन्ही तिथे एकेका पानाचे धनी. त्याहून जुना दस्तऐवज पाहायचा तर १८८०चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर आहे. सरकारी कारभाराला मासा उत्पन्न म्हणून दिसतो. घरातली बाई पेडव्यांकडे जेवण म्हणून बघते, आणि तोच मासा उदंड आला की माडांच्या मुळाशी खत म्हणून पडतो, ही दोन्ही दृश्यं मी लहानपणी एकाच आठवड्यात पाहिली आहेत. साहित्यात मात्र खत झालेला मासा येत नाही.

हिशेबाच्या वहीलाही मी सर्वज्ञ मानत नाही. वही वाचता वाचता मला जाणवलं की तिच्यात तिसऱ्या एकदाही नाहीत. आम्ही तर तिसऱ्यांचं एकशिपी पोटभर खाल्लेलं आहे! ओहोटीला खाडीत उतरून त्या आई आणि आत्या स्वतः काढत, म्हणून पैसे पडत नसत आणि नोंदही होत नसे. तसंच रापणीचं. किनाऱ्यावर रापण ओढली जायची तेव्हा दोराला हात लावणाऱ्या पोरांना मूठभर मासे मिळत. वाट्याचा हिशेब मोठ्यांचा, मूठ आमची. त्या मुठीत नव्वद टक्के पेडवेच असत. तेव्हा खरी संख्या वहीपेक्षाही माझ्या लेखाच्या विरुद्ध जाते.

रापणीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सविस्तर मांडतो, कारण या लेखनप्रकारावरचा माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. 'ती चव आता राहिली नाही' हे वाक्य मी सुमारे चाळीस लेखांत वाचलं आणि एका लेखात स्वतः लिहिलं. या वाक्याची कारणं लेखकांनी दिली आहेत ती अशी: चूल गेली, गॅस आला, पाटा गेला, मिक्सर आला, आजी गेली. सगळी कारणं स्वयंपाकघरातली. समुद्राकडे बघितलेलं नाही. रापणीचा मासा किनाऱ्यावर येऊन तासाभरात भांड्यात पडायचा. आज आपण खातो तो ट्रॉलरच्या बर्फात काही दिवस काढून आलेला असतो. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं. पर्ससीनचं जाळं बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा वेढून उचलतं, आणि थवा किनाऱ्याजवळ येण्याआधीच संपला तर रापण ओढून काय मिळणार?

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या गोव्यात रापणकारांनी नेमकं हेच ओरडून सांगितलं. माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने ते रस्त्यावर आले. किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी. त्या लढ्याच्या रेट्याने गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्राचा कायदा १९८१चा. आमच्या सिंधुदुर्गातही रापणकार विरुद्ध यांत्रिकी नौका हा संघर्ष चालत आला. अगदी अलीकडे, २०१६ साली, राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, आणि २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केलं. त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं, म्हणजे वाढ न झालेलं पिल्लू पकडू नये म्हणून. म्हणजे ज्या वर्षांत आम्ही लेखक दर दिवाळीला चव हरवल्याचं लिहीत होतो, त्याच वर्षांत चव का हरवते याची तपशीलवार कैफियत दुसरीकडे मांडली जात होती. मोर्चांत, निवेदनांत, न्यायालयांत. आमच्या लेखांत तिची एक ओळ नाही. आम्ही आजीच्या हाताला श्रेय दिलं आणि जाळ्याच्या आसाला विसरलो.

मासेवालीचंही तसंच. या लेखनात ती हमखास येते, पण आवाज म्हणून. ती पाटी टेकवते, विनोदी काहीतरी बोलते, घासाघीस होते आणि ती परिच्छेदातून निघून जाते. आईच्या वहीत ती वेगळी दिसते. तिच्या नावापुढे बाकी आहे. ऑगस्टमध्ये ती वाढत जाते, आणि गणपतीनंतर कधीतरी अर्धी फिटते. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पावसात बंदर बंद असताना ती बाई सुकी मासळी उधार देऊन जायची आणि भात झोडून झालं की पैशांच्या बदल्यात पायलीने भात घेऊन जायची. पावसाळ्यात तिची कमाई बंद, आणि त्याच दिवसांत ती एका शिक्षकाच्या घराला उधार देत होती. माझ्या लेखात तिच्या वाट्याला एक आरोळी आली होती.

आता दुसरी बाजू. आठवण ही हिशेबवही नव्हे, असं मला एका मित्राने सुनावलं आणि त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पु. लं.च्या 'माझे खाद्यजीवन'मध्ये अतिशयोक्ती आहे म्हणून कोणी पुरावा मागत नाही, मागूही नये. तिथे अतिशयोक्ती आपण अतिशयोक्ती आहोत हे लपवत नाही. दुर्गा भागवतांचं 'खमंग' वाचताना खाणं आणि अभ्यास यांत आडपडदा राहत नाही. जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये माझ्याच भागातलं गाव आहे, पण तिथे माणसं आधी येतात; कोकण हा देखावा होत नाही. आणि हेही खरं की वर्षातून तीनदा येणारी इसवण मुलाच्या मनात तीनशे पेडव्यांपेक्षा ठळक राहणारच. दुर्मीळ गोष्ट लक्षात राहते. माझी चूक ती आठवली ही नाही. दुर्मीळ गोष्ट मी दर रविवारची करून टाकली, ही आहे. तीनदा आली असं लिहिलं असतं तर त्या तीन दिवसांचं वजन कळलं असतं. डॉक्टर जेवायला होते, तुकड्या मोजून तळल्या होत्या, आणि आईच्या पानात शेपटीकडचा भाग होता, हे सगळं लिहिता आलं असतं. दर रविवारी सुरमई खाणाऱ्या घरात शेपटी कोणाच्या पानात पडली हे कोण लक्षात ठेवील?

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) मला हे वेगळेपण जाणवलं. तेही कोकणच, रत्नागिरीजवळचं, पण तिथे खाण्याची आठवण भुकेपासून आणि कष्टांपासून तोडून ताटात मांडलेली नाही. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) लिहिलं. किनाऱ्यावरच्या पेडव्यांबद्दल, सुक्या बांगड्यांबद्दल, गाबीत आणि खारवी घरांतल्या रोजच्या जेवणाबद्दल तेवढ्या निर्भीडपणे लिहिलेलं पुस्तक माझ्या वाचनात नाही. ते माझ्यासारख्याने लिहू नये असंही मला वाटतं. आमच्या घरात मासा शिजत होता, पकडला जात नव्हता.

तो जुना लेख आता एका संग्रहात येतो आहे. संपादकांनी तो जसाच्या तसा घ्यायचं ठरवलं होतं. मी दुरुस्तीची परवानगी मागितली. आधी वाटलं, तिरफळं काढून टाकावीत म्हणजे सुरमई निभावून जाईल. दोन शब्दांचं काम. मग आत्याला फोन केला. तिला आता ऐकू कमी येतं. दोनदा सांगितल्यावर तिला कळलं, आणि ती म्हणाली, "तिरफळां रवांदेत. मासो बदल."

तसं केलं. सुरमई जिथे जिथे होती तिथे पेडवे लिहिले, रविवार काढला, 'तव्यावर चुरचुरणारी तुकडी' हे वाक्य पूर्ण खोडलं. गेल्या महिन्यात मुद्रितं आली. मुद्रितशोधक पुण्याचे आहेत, काम चोख करतात. पहिल्याच पानावर त्यांनी 'पेडवे'भोवती गोल काढून समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पेढे?'